पोहऱ्याचा आवाज

डुबुक्! दुपारच्या निःस्तब्ध उन्हात डोळे मिटून पडले की अजूनही तो ध्वनी मला ऐकू येतो. आधी रहाटाची करकर, मग दोराची सळसळ, क्षणभराची शांतता, आणि नंतर खोल, गार अंधारात पोहरा पाण्याला टेकल्याचा तो गोलसर, भरदार नाद. किती साधा आवाज! पण त्या एका आवाजातून माझ्या आईला पाण्याचा सगळा हालहवाल कळत असे. पोहरा लवकर वाजला की ती खुशीत असायची. जरा उशीर झाला की म्हणायची, "खाली गेलं बाई पानी," आणि त्या दिवशी भांडी एकाच पाण्यातून निघत, माझे न्हाणे पुढे ढकलले जाई. विहीर किती देऊ शकते हे विहीरच सांगत होती, आणि ऐकणारे कान घरोघरी होते.

लातूर नुकताच जिल्हा झाला होता. वडिलांना नव्या कचेरीत नोकरी लागली आणि आम्ही उदगीरकडचे गाव सोडून शहरात आलो. कुणाच्या तरी मळ्याचे प्लॉट पडले होते. ज्वारीच्या धसकटांतून चुन्याच्या पांढऱ्या रेघा ओढलेल्या, त्या रेघांवर विटांचे ढीग, आणि त्या ढिगांतून हळूहळू उगवणारी आमची कॉलनी. लिंगायत, मराठा, मुसलमान, आमच्यासारखी बौद्ध कुटुंबे, सगळी नोकरीच्या ऑर्डरीमागून आलेली. मळा गेला, गोठा गेला, आंबे गेले, पण मधोमध दगडी बांधणीची विहीर तेवढी उरली. ती कुणाच्याच प्लॉटमध्ये येत नव्हती, म्हणून ती सर्वांची झाली.

सर्वांची! हा शब्द मी सहज लिहिला, पण माझ्या आईला तो सहज मिळालेला नव्हता. तिच्या गावात विहिरीच्या काठावर चढायला तिला मज्जाव होता. घागर घेऊन खाली, लांब उभे राहायचे. कुणाला दया आली तर वरून पाणी ओतले जायचे, नाही आली तर रिकाम्या घागरीनिशी परत. "पानी हाय, पर तुमाला न्हाई," हे वाक्य तिने इतक्या लहानपणी ऐकले की ते कोण म्हणाले होते तेही तिला आठवत नाही. आजोबांनी धम्म घेतला, घरातले देव गेले, आमची नावे बदलली, गावच्या विहिरीने मात्र आपला धर्म बदलला नाही. म्हणून कॉलनीतल्या पहिल्या सकाळी आई सवयीनेच विहिरीपासून दूर उभी राहिली. काठावर शेजारच्या महादेवीकाकू एकट्याच जड पोहऱ्याशी झटत होत्या. त्यांनी वळून पाहिले आणि त्रासून म्हटले, "अवो बाई, तितं काय उबारलाव? धरा की दोर. एकटीच्यानं वढत न्हाई मला." आई वर चढली. तिने दोर धरला. काकूंनी आमचे आडनाव विचारले ते पोहरा वर आल्यानंतर, आणि ऐकून नुसते "बरं" म्हणाल्या. दुसऱ्या दिवशी त्यांनीच आमच्या दाराशी येऊन आईला हाक मारली.

वाचकहो, मी जुन्या दिवसांचे गोडवे गाते आहे असे समजू नका. ज्या भूतकाळात माझ्या आईला पाण्यासाठी हात पसरावे लागले, त्या भूतकाळाला कवटाळून रडण्याइतकी मी खुळी नाही. दोराने तळहात सोलवटत, पावसाळ्यात शेवाळावरून पाय घसरत, आणि पाठीच्या कण्याने तर चाळिशीतच तक्रार सुरू केली होती. पण सांगते, आमच्या घरात नवा जिल्हा आला तो कचेरीच्या पाटीने नव्हे. त्या दोराला दोन बायकांचे हात एकामागोमाग लागले, तेव्हा आईच्या लेखी जिल्हा बदलला. पुढे कित्येक वर्षे सकाळी त्या दोघी मिळून पाणी शेंदत राहिल्या.

आणि मग ते संपले कसे? कुणी दुष्टावा केला म्हणून? तसे असते तर किती बरे झाले असते, निदान कुणाला तरी शिव्या घालता आल्या असत्या! महादेवीकाकूंचे गुडघे दुखू लागले. त्यांचा सतीश मोठा झाला, कमावता झाला, आणि आईला दोर ओढायला लागू नये म्हणून त्याने अंगणात बोअर घ्यायचे ठरवले. मुलाने आईसाठी करावे असेच ते काम होते. हातावर नारळ आडवा ठेवून पाणाड्या त्यांच्या अंगणात फिरला, आणि विहिरीकडच्या कोपऱ्यात येताच नारळ उभा राहिला. बोअरची गाडी आली, दिवसभर थरथराट झाला, आमच्या वाळत घातलेल्या लुगड्यांवर दगडाची राखाडी भुकटी बसली, आणि संध्याकाळी चिखलाचा फवारा उसळताच सगळी कॉलनी टाळ्या पिटत धावली. सतीशने घरोघर पेढे वाटले. आम्हीही खाल्ले.

मग काय, एका अंगणात बटण दाबून पाणी येते म्हटल्यावर दुसऱ्या अंगणातली सून दोर कशाला ओढेल? पाणाड्या येत राहिला, नारळ उभा राहत राहिला. गंमत बघा, प्रत्येक प्लॉटमध्ये नारळ नेमका विहिरीच्या बाजूच्या कोपऱ्यातच उभा राहायचा! त्यात कसली विद्या आणि कसला चमत्कार! पाणी विहिरीपाशी आहे हे शेंबड्या पोरालाही माहीत होते, पाणाड्यालाही होते आणि बोअर घेणाऱ्यालाही होते. आपण नवे पाणी शोधत नसून जुन्याच पाण्याला मागच्या दाराने हात घालतो आहोत, हे कुणी मोठ्याने म्हणाले नाही इतकेच. रहाट गंजला, दोर कुजला. आमच्या घरी माझ्या भावाने बोअर घेतला तो सगळ्यात शेवटी, आणि शेवटी घेतला म्हणून सगळ्यात खोल.

विहिरीत डोकावता येते, बोअरमध्ये डोकावता येत नाही. ही एवढीशी गोष्ट आमच्या कॉलनीला किती महागात पडली! दिसणारे पाणी जपून वापरले जाते, कारण त्याचा तळ डोळ्यांपुढे असतो. वीतभर तोंडाच्या नळीतून आलेले पाणी कुठून आले, किती उरले, कुणाच्या वाटणीचे होते, काहीच कळत नाही, आणि न कळण्यात मोठे सुख असते. चिखल नको म्हणून आम्ही अंगणांना फरशा बसवल्या, मग पावसाला जमिनीत उतरायला वाट उरली नाही, तो बिचारा गटाराने निघून गेला. मातीची छपरे नकोत म्हणून स्लॅब टाकले. स्लॅब तापला म्हणून कूलर आणले, कूलर रात्रंदिवस पाणी प्यायला लागले. गाडी आली, ती धुवायला नळीला फवारा आला. आणि मृगात ढग नुसतेच गुरगुरून निघून गेले, भादव्यात एका रात्रीत सगळे कोसळले, की आम्ही ओट्यावर बसून म्हणायचे, पाऊस बिघडला! जणू तो एकटाच बिघडला आहे. एक गोष्ट मात्र खरी, आता आमच्या कॉलनीत कुणी कुणाचा विटाळ धरत नाही. धरणार कसा? कुणी कुणाच्या पाण्यापाशी येतच नाही. आई आणि महादेवीकाकू यांच्यात भांडण झाले नाही, तंटा झाला नाही, फक्त सकाळी भेटायला कारण उरले नाही. काकू वारल्या तेव्हा आईला निरोप दुपारी कळला.

मग तो उन्हाळा आला, ज्यात लातूरला पाणी रेल्वेने आले. बोअर एकामागून एक सुस्कारे टाकत थांबले. मोटर चालू केली की नुसती हवा. पाहुण्यापुढे तांब्या ठेवताना बायकांच्या कपाळाला आठ्या पडू लागल्या, लग्ने पुढे गेली, शेजारी शेजाऱ्याच्या टाकीकडे संशयाने बघू लागला. त्या उन्हाळ्यात कुणीतरी वापर सुटल्यापासून विहिरीत साचलेला कचरा उपसून तळ मोकळा केला, आणि काय आश्चर्य, कपारीतून पाण्याची बारीक धार झिरपत होती! रोज थोडेसे साचायचे, प्रत्येक घराला घागरभर. पुन्हा रांग लागली, पुन्हा दोर आला. आईची दृष्टी तोवर मंदावली होती, तरी ती काठीने चाचपत रोज काठाशी जाऊन बसायची, पोहरा टेकल्याचा आवाज ऐकायची. रांगेतला सतीश सर्वांदेखत म्हणाला, "मावशी, ह्या हिरीनं जगिवलं बघा. पाऊस पडू द्या, बांधून काढू हिला." सगळ्यांनी माना डोलावल्या. मलाही वाटले, माणसे शिकतात.

पाऊस पडला आणि माणसे विसरली. त्याच बोअरमध्ये आणखी खोल नळ्या उतरल्या. विहिरीत पुन्हा निर्माल्य पडू लागले, फाटक्या गाद्या, दुधाच्या पिशव्या, तडकलेल्या तसबिरी. जे घरात ठेववत नाही आणि उकिरड्यावर टाकवत नाही ते सारे विहिरीच्या पोटात. पाण्याच्या जागी कचऱ्याचा जाड थर दिसू लागला. आणि गेल्या वर्षी कॉलनीच्या बैठकीत ठरले की विहीर बुजवावी आणि वर सिमेंटचे गट्टू बसवून गाड्यांसाठी जागा करावी.

आईने हे ऐकले आणि ते काम अंगावर घेतलेल्या सतीशला बोलावून घेतले. माझ्या आईने आयुष्यात कुणाकडे पाण्यावाचून दुसरे काही मागितलेले मी पाहिले नाही. त्या दिवशी ती म्हणाली, "सतीशा, बुजवू नकु रं बाबा. वरून जाळी टाक पायजे तर. म्या हाय तवर तरी राहू दे. तुज्या मायनं अन् म्या दोर वढलाय तितं." सतीश तिच्या पायाशी बसला. तो वाईट माणूस नाही, हे मला पुन्हा पुन्हा सांगावे लागते आणि दर वेळी जिवावर येते. "मावशी, कोरडी हाय ती. नुसती घान. मच्छर हून राहिलेत, उद्या लेकरू पडलं तर कोन जिम्मेदार? अन् गाड्या लावाव्या कुटं, तुमीच सांगा." आई म्हणाली, "कोरडी न्हाई." सतीश हसून म्हणाला, "तुमाला कुटं दिसतंय, मावशी?" तो गेल्यावर तिने मला दगड टाकून बघायला लावले. मी काठावरून दगड टाकला. तो कचऱ्यावर थप्पकन पडला आणि तिथेच राहिला. मी घरोघर गेले, चहा घेतले, सगळ्यांनी "खरंय ताई, खरंय" म्हटले, आणि सगळ्यांच्या दाराशी गाडी उभी होती.

दिवाळी उलटल्यावर एका सकाळी मलब्याची पहिली ट्रॉली आली. आई फाटकापाशी खुर्ची टाकून बसली होती, मी तिच्या शेजारी उभी. ट्रॉली उचलली गेली, विटा, दगड, सिमेंटचे ढेपसे गडगडत खाली गेले, कचऱ्याचा थर त्या भाराने फाटला, क्षणभर शांतता पसरली, आणि मग खालून तो आवाज आला. डुबुक्! खोल, गोलसर, भरदार. त्या साली पाऊस चांगला झाला होता. गाद्यांखाली, पिशव्यांखाली, आमच्या साऱ्या घाणीखाली विहीर गुपचूप भरून आली होती. आईचा चेहरा उजळला. "हाय की गं! म्हनलं न्हवतं? पानी हाय," ती म्हणाली, आणि अर्धवट उठलीसुद्धा.

आवाज सगळ्यांनी ऐकला. ड्रायव्हरने ऐकला, त्याचा हात थबकला. सतीशने ऐकला. त्याने विहिरीकडे पाहिले, आमच्या फाटकाकडे पाहिले, मग दोन्हीकडून नजर काढून मागे खोळंबलेल्या ट्रॉल्यांच्या रांगेकडे पाहिले. मी ओरडले, "सतीश, थांबव!" त्याने माझ्याकडे न बघता हात वर केला आणि म्हणाला, "येऊ द्या, येऊ द्या."

दुसरी ट्रॉली रिकामी झाली, तिसरी झाली. आई पुन्हा खुर्चीवर बसली आणि प्रत्येक ट्रॉलीला कान देत राहिली. आवाज जवळ येत गेला, जड होत गेला, त्यात चिखल मिसळला, आणि दुपारपर्यंत दगडावर दगड आपटल्याचा कोरडा खडखडाट तेवढा उरला. आमच्या गच्चीवरची टाकी रिकामी झाली असावी, कारण मागच्या अंगणात बोअरची मोटर आपली आपण सुरू झाली. आई थोडा वेळ तिची घरघर ऐकत राहिली. मग तिने काठी चाचपली, माझा हात धरून उठली आणि म्हणाली, "चल आत. आता कुनालाच न्हाई."