मार्चमध्ये न झालेली सही

नाना गेल्याचा फोन त्यांच्या मुलीने केला, तेव्हा मी जळगावात छापखान्यात एका पत्रकाची मुद्रितं तपासत होतो. "बाबा पहाटे गेले," एवढंच ती म्हणाली. तीन आठवडे झाले. पत्रक तसंच पडून आहे...

नाना धुळ्याकडे सरकारी बांधकामांवर अभियंता होते. झालेलं काम मोजून पुस्तिकेत लिहायचं, सही करायची, मगच बिल निघतं. पुष्कळांची मोजणी टेबलावरच होते. नाना टेप घेऊन जायचे. काही वर्षांपूर्वी एका गावच्या अंगणवाडीचा निधी वर्षभर वर अडकला आणि मार्चच्या शेवटच्या आठवड्यात उतरला. खांब उभे होते, छत नव्हतं. ठेकेदार म्हणाला, "नाना, छत झालं असं लिहा. एप्रिलात टाकतोच. नाहीतर पैसा परत जाईल." साहेबही तेच म्हणाले. नानांनी सही केली नाही. पैसा परत गेला.

मी पेटून नानांच्या प्रामाणिकपणावर पत्रक काढलं आणि त्याच गावात वाटलं. अंगणवाडीसेविका अक्कांनी ते उभ्याउभ्या वाचलं. "चांगलं शे, भाऊ. पन त्याना खाले बठ्ठा पोरे बसतीन का?" त्या कागदाखाली सगळी पोरं बसतील का, असं त्या विचारत होत्या.

तसाच नानांकडे गेलो. "तुमच्या प्रामाणिकपणाचा दंड पोरांनी का भरायचा?"

ते म्हणाले, "सही केली असती तर कागदावर अंगणवाडी पूर्ण झाली असती. पूर्ण कामासाठी पुन्हा पैसे मागता येत नाहीत रे." मग हळूच म्हणाले, "पण अक्कांना तोंड दाखवायची लाज वाटते."

निधी वर्षभर दाबून ठेवायचा, शेवटच्या आठवड्यात सोडायचा आणि खर्च झाला नाही म्हणून गावालाच नालायक ठरवायचं! ही रीत खोटी सही मागते आणि खऱ्या सहीला शिक्षा करते. पत्रकात मी नानांना मोठं केलं. ही रीत मात्र माझ्या हातून सुटली.

मागच्या आठवड्यात त्या गावी गेलो. अक्कांनी एक वही काढली. निवृत्तीनंतर लाज गिळून नाना दर जूनमध्ये यायचे, वहीत तारीख घालून नोंद करायचे आणि तिची नक्कल छताच्या निधीच्या मागणीअर्जाला जोडायचे. प्रत्येक पानावर तेच: 'चार खांब. छत नाही.' यंदाचं पान कोरं होतं. अक्कांनी पेन पुढे केलं. मी बसल्याजागी नोंद लिहिली, सही करायला पेन टेकवलं.

"खांब मोजात का, भाऊ?" अक्कांनी विचारलं.

मी पेन ठेवलं आणि उठलो.