महालातला चिनी राजा

साताऱ्याहून निघालेली गाडी नागपुरात पोचली तेव्हा माझी कंबर माझी राहिली नव्हती. धाकटी बहीण कमळ फलाटावर उभी होती. लग्न होऊन इकडे आल्यापासून तिची बोलीच बदलली.

"काहून वं अक्का, इतकी वाळली? जेवून नाही राहिली का?"

स्टेशनाबाहेर तिने तर्री (झणझणीत लाल रस्सा) घातलेले पोहे खाऊ घातले. माझ्या डोळ्यांतून पाणी आले. रिक्षावाल्याला वाटले, बहिणी भेटल्या म्हणून रडतात.

कमळचे घर महाल नावाच्या जुन्या वस्तीत, अरुंद गल्लीतल्या पाच मजली इमारतीत. लिफ्ट बंद होती. वर पोचते तोच मेव्हणे विठ्ठलराव पुस्तक घेऊन समोर. निवृत्तीनंतर त्यांना जुन्या चिनी राजांच्या कवितांचे वेड लागले आहे. एका कवितेतला राजा डोंगरावर घोडा थांबवतो आणि खालच्या नद्या, शेते, माणसे एका छत्राखाली आणल्याशिवाय घोड्यावरून उतरणार नाही म्हणतो. माझे शिक्षण चौथीपर्यंतचे, पण कविता मला आवडली. घोड्याचे वाईट वाटले.

"अक्का, रविवारी सोसायटीची निवडणूक आहे. मी अध्यक्ष होणार," विठ्ठलराव म्हणाले. इतवारीच्या बाजारातून 'अध्यक्ष' अशी पितळी पाटीही करून आणली होती. सगळ्या नातेवाइकांना फोन झाले होते.

"त्यायच्यानं घरातला नळ दुरुस्त होत नाही," कमळ सांबार (कोथिंबीर) निवडत म्हणाली.

रविवारी पार्किंगमध्ये खुर्च्या मांडल्या. विठ्ठलरावांनी उभे राहून ती कविता म्हटली. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मग सोसायटीचा सेक्रेटरी, धान्याचा व्यापारी, घसा खाकरून म्हणाला, "काका, कविता मस्त. पण तुम्हाले उभं राहता येत नाही. फ्लॅट काकूच्या नावावर आहे. मेंबर त्या आहेत."

बाईच्या नावावर घर घेतले की सरकारी शुल्कात सूट मिळते. ती घेताना राजेसाहेबांना राज्य आठवले नव्हते.

"मंग काकूच उभ्या राहू द्या ना!" मागून कोणीतरी ओरडले. सगळे हसले. कमळ हसली नाही. ती उठली.

"पाण्याची मोटर सकाळी पाचले सुरू होईन. लिफ्टवाल्याले मी स्वतः धरून आणीन. अन् जिन्यात चपला दिसल्या तर खाली फेकीन."

हात भराभर वर झाले. सर्वांत शेवटी विठ्ठलरावांचा. त्यांना मत नाही, याची आठवण सेक्रेटरीने पुन्हा करून दिली.

तिसऱ्या दिवशी त्याच पुस्तकात विठ्ठलरावांना सिंहासन सोडून डोंगरात गेलेला राजा सापडला. ती कविता त्यांनी मला दोनदा वाचून दाखवली.

"डोंगरात जा," कमळ आतून म्हणाली, "पण आधी मोटर बंद करून या."

ते गेले.

परतीच्या गाडीत मी विचार केला. राजा घोड्यावर बसून फिरत होता, तेव्हा राणी काय करत होती, हे त्या पुस्तकात कुठेच नाही. राज्य चालले असेल, तर घरी कोणीतरी ते चालवत असणार.