दोरीच्या आतला निवडुंग

जूनमधल्या एका मंगळवारी सकाळी माझा नवरा कॅनडातल्या आमच्या कोक्विटलामच्या घरात पडला. मी ९११ला फोन केला. दुपारी डॉक्टरांनी तो गेल्याचं सांगितलं. संध्याकाळी मी घरी आले आणि बाल्कनीत वाळत घातलेले त्याचे हातमोजे आत घेतले.

ते हातमोजे चामड्याचे, कोपरापर्यंत येणारे, गॉर्स कापताना घालायचे. गॉर्स हे काटेरी झुडूप. विलायतेहून आलेल्या लोकांनी कुंपणासाठी म्हणून ते या किनाऱ्यावर आणलं आणि पुढे ते कुणालाच आवरलं नाही. त्याच्या पिवळ्या फुलांना ओल्या खोबऱ्याचा वास येतो आणि काटे चामड्यातूनही आत जातात. माझा नवरा महिन्यातून दोन रविवार फेरीबोटीने एका छोट्या बेटावर जाऊन तिथल्या स्वयंसेवकांच्या गटाबरोबर ते कापत असे. परत आला की मी चष्मा लावून, सुई घेऊन त्याच्या मनगटातले काटे काढत बसे. आमच्या लग्नातलं सगळ्यात जास्त बोलणं त्या सुईच्या टोकाशी झालं असेल.

ते बेट कोरडं आहे. कॅनडा म्हटलं की आपल्या लोकांना बर्फच आठवतं, पण महाबळेश्वरला पाऊस कोसळत असताना पलीकडे माण-खटाव जसं कोरडं राहतं, तसं इथे शेजारच्या मोठ्या बेटावरचे डोंगर ढग अडवतात आणि त्यांच्या आडोशाची बेटं उन्हाळाभर तहानलेली असतात. तिथे खुरटे ओक आहेत, साल सोलवटलेली तांबडी आर्ब्युटसची झाडं आहेत, खडकावर जाड शेवाळ आहे. आणि दक्षिणेकडे उतरणाऱ्या एका खडकावर निवडुंग आहे. तो आपल्याकडच्यासारखा पुरुषभर उंच नाही. त्याचे फड, म्हणजे ती जाड काटेरी पानं, अंगठ्याएवढे असतात आणि जमिनीला चिकटून राहतात. जरा धक्का लागला की फड तुटतो आणि धक्का देणाऱ्यालाच चिकटतो. तसा तो पसरतो खरा, पण माणसाच्या बुटाला किंवा कुत्र्याच्या पायाला चिकटून भलत्याच ठिकाणी जाऊन मरतो. त्या बेटावर तो एवढ्या एका खडकावर उरला होता.

माझा नवरा सांगोल्याकडचा. निवडुंगाच्या कुंपणात वाढलेला. पहिल्यांदा त्याला तो खडक दाखवला तेव्हा तो हसला होता, असं त्यानेच मला सांगितलं. मग दुसऱ्या वर्षी त्याने स्वतः त्या निवडुंगाभोवती दोरी बांधली. आत जायचं तर ब्रशने बुटांचे तळ घासायचे आणि ठरलेल्या चार दगडांवरूनच पाय टाकायचे. आत काही खायचं नाही, काही सांडायचं नाही, सफरचंदाची बीसुद्धा. त्याने त्या निवडुंगाला फूल आलेलं कधी पाहिलं नाही. दर जूनमध्ये तो बघून येई आणि म्हणे, "यंदाही नाही."

मी अधूनमधून सोबत जात असे. मी पुस्तक घेऊन दोरीबाहेर बसे आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांची मला किळस येई. हे मी आता लपवत नाही. कुत्रे मोकळे सोडणारे, शेवाळ उचकटून दगडांवर दगड रचणारे, दोरीवर टॉवेल वाळत घालून सूर्याकडे डोळे मिटून बसणारे. सगळे निसर्गप्रेमी. त्यांच्याकडे बघून मला अन्नात केस सापडल्यासारखं होई. तो शांतपणे टॉवेल उचलून त्यांच्या हातात देई, ते हसून माफी मागत. मी पुस्तकाआडून तिरस्कार करी आणि स्वतःला त्याच्या बाजूची समजे.

तो गेल्यावर दहाव्या दिवशी नदीकाठच्या पार्कमध्ये पिंड ठेवला. आम्हाला मूल नाही, म्हणून ब्रॅम्पटनहून विमानाने आलेल्या धाकट्या दिराने सगळं केलं. या भागात कावळ्यांना तोटा नाही, संध्याकाळी त्यांचे थवेच्या थवे बर्नाबीकडे जातात. पण त्या दिवशी पिंडाला एकही शिवला नाही. पाऊस लागला, पार्किंगची वेळ संपत आली. शेवटी गुरुजींनी दर्भाचा कावळा करून टेकवला आणि सगळे गाडीत बसले.

माझा या गोष्टींवर विश्वास नाही. आयुष्यभर मी पुस्तकं वाचली, दुसऱ्यांना वाचायला दिली. तरी वर्षभर तो दर्भाचा कावळा मनातून गेला नाही. भांडी घासताना वाटे, याला काय हवं होतं. ही गोष्ट मी कुणाला सांगितली नाही.

त्याच्यानंतर बेटावरचं काम मी उचललं. तिथल्या गटाचं सगळं एक म्हातारी बघते, पूर्वी फेरीबोटीवर नोकरीला होती. तिने मला अवजारांच्या शेडची चावी दिली आणि दोरीच्या आतलं माझ्यावर सोपवलं. मे महिन्याच्या शेवटी, एका रविवारी, मला त्या निवडुंगावर दोन कळ्या दिसल्या. हरभऱ्याएवढ्या. मी गुडघ्यांवर बसून पुन्हा पुन्हा मोजल्या. दोनच होत्या. घरी सांगायला कुणी नव्हतं.

त्याच आठवड्यात दिराचा फोन आला. तिथीने वर्षश्राद्ध जूनच्या सुरुवातीला येत होतं.

"वहिनी, मी काय म्हणतो, या वेळी पार्कबिर्क नको. दादाच्या बेटावरच करू. त्याची जागा ती. तिथे कावळा आला नाही तर नाव बदलेन."

मला सगळं माहीत होतं. सांडलेल्या भातावर तिथे काय काय येतं, इतक्या पायांखाली शेवाळाचं काय होतं. नाही म्हणायला एक शब्द पुरला असता. पण त्याने कावळ्याचं नाव काढलं आणि मी म्हणाले, "चालेल, भाऊजी."

आम्ही आठजण गेलो: मी, दीर, जाऊ, त्यांची विशीतली मुलगी आणि आमच्या मराठी मंडळातली दोन जोडपी. जावेने पहाटे उठून भात केला होता, स्टीलच्या डब्यात दही, काळे तीळ. या वेळी दिराचे गुरुजी ब्रॅम्पटनहून व्हिडिओ कॉलवर होते. फोन एका आर्ब्युटसच्या फांदीला रबरबँडने बांधला.

"दक्षिणेकडे तोंड करून बसा," गुरुजी म्हणाले.

आठजणांना दक्षिणेकडे तोंड करून बसता येईल असा खडक त्या किनाऱ्यावर एकच होता, दोरीच्या आतला. दिराने दोरी वर उचलली आणि बायकांना आत जायला वाट करून दिली, एखाद्या हॉलचा पडदा धरावा तशी.

"बूट काढा सगळ्यांनी," जाऊ म्हणाली. "धर्मकार्य आहे."

बूट काढले. ब्रश बाहेरच खुंटीला लटकत राहिला. चार दगडांवरून कोण जाणार? आठांपैकी सात माणसं नुसत्या मोज्यांवर निवडुंगातून चालली. मी दगडांवरून गेले. एवढाच माझा धर्म.

आत येण्याआधी पुतणी दोरीपाशी थांबली होती. तिने मला हळूच विचारलं, "काकू, आर वी अलाउड इन देअर?"

विचारणारी ती एकटी. मी म्हणाले, "हो. काकाचीच आहे जागा."

मग सुरू झालं. दर दोन पावलांवर कुणीतरी 'आई गं' म्हणून पाय उचले आणि मोज्याला चिकटलेला फड झटकून टाके. तो दुसऱ्याच्या मोज्याला चिकटे. मंडळातल्या एका गृहस्थाने खिशातून कंगवा काढला आणि त्याने सगळ्यांचे मोजे साफ करून दिले. निघालेले फड तो खाली समुद्रात टाकत होता, नीट, एकेक करून.

"अहो, जरा सांभाळून," मी म्हणाले. एवढंच म्हणाले.

"वहिनी, निवडुंग कुठे मरतो का?" दीर हसला. "आमच्या बांधावर जाळला, तोडला, रॉकेल ओतलं. पुढच्या वर्षी दुप्पट. तुम्ही शहरातल्या, तुम्हाला नाही कळायचं."

पिंड ठेवला. गुरुजींचा आवाज मधेच गेला.

"गुरुजी म्यूट झालेत," पुतणी म्हणाली.

"म्यूट नाही, नेटवर्क गेलंय. हात जोडून उभे राहा, ते म्हणत असतीलच," जाऊ म्हणाली.

कावळा आला. वरच्या ओकवर बसला, मान वाकडी करून बघत राहिला. आपल्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाला काय काय कबूल करतात, तसं दिराने सुरू केलं. दादा, वहिनींना एकटं पडू देणार नाही. दादा, दर वर्षी येऊ. कावळा हलला नाही. मग मंडळातल्या बाईंनी मला कोपराने ढोसलं. "तुम्ही बोला ना. तुमचंच ऐकेल तो."

मी मनात त्याला म्हणाले, तुझा निवडुंग मी सांभाळीन. हे म्हणताना मी दगडावर उभी होते आणि माझ्यासमोर दीर मोज्यांनी त्या दोन कळ्यांवर उभा होता. मला ते दिसत होतं. कावळा शिवेल म्हणून मी दिराला हल म्हणाले नाही.

तेवढ्यात खालून किनाऱ्यावरून दोन गीझ डुलत वर आले, ते इथले मोठे काळ्या मानेचे रानहंस, कॅनडा गूज म्हणतात ते. या बेटांवर त्यांनी आधीच पुष्कळ चरून, हगून ठेवलं आहे. माझा नवरा त्यांना टाळ्या वाजवून हाकलत असे. त्यांनी एकदा आमच्याकडे पाहिलं आणि पिंडात चोची घातल्या. दह्याचा भात त्यांच्या मानेवर लागला. एकाने तिथेच, शेवाळावर, हिरवट घाण टाकली. कावळा उडून गेला.

मग दीर म्हणाला, "असू दे. दादा कॅनडाचा सिटिझन होता. कॅनडाचाच पक्षी आला."

सगळे हसले. मीही हसले. तो हसण्याचा आवाज अजून माझ्या तोंडात आहे, खवट खोबऱ्यासारखा.

निघताना जावेने फॉइलमध्ये पाच-सहा फड गुंडाळले. "दारावर टांगीन. नजर लागत नाही. आणि दादांची आठवण."

दोन दिवसांनी मी एकटी गेले. शेवाळ सालपटासारखं निघून आलं होतं. भाताची शितं आणि घाण एकत्र वाळली होती, त्यावर माश्या होत्या. कळ्या असलेला फड मोडून खडकाच्या फटीत पडला होता आणि कळ्या चेपलेल्या होत्या, आतला पिवळा रंग बाहेर आलेला. त्याने इतकी वर्षं वाट पाहिलेला तो पिवळा रंग मी एकटीने पाहिला, तो असा. मी ती सगळी घाण हाताने खरवडून पिशवीत भरली. किळस आली. ती त्या गीझची नव्हती.

तिथून मी म्हातारीच्या घरी गेले आणि सगळं सांगितलं. पिंड म्हणजे काय, कावळा कशाला, तेही. शेवटी तिने एवढंच विचारलं, "तू तिथे होतीस ना?"

मी म्हणाले, "होते."

तिने टेबलावर हात पुढे केला. मी चावी ठेवली. मग तिने चहा केला. तो मला पिववेना.

जावेला फोन करून मी फड परत मागितले. परत मिळाले असते तरी म्हातारी ते पुन्हा लावू देणार नव्हतीच, पण मागितले.

"अगोबाई, टांगलेलं असं कसं काढायचं? अपशकुन होतो," ती म्हणाली. "आणि छान हिरवे आहेत अजून. दादा असते तर त्यांना आवडलं असतं."

मला तिचा राग आला नाही. राग येण्यासाठी दोघींमध्ये थोडं अंतर लागतं. तिने निवडुंग घेतला तो आठवण म्हणून, मी कळ्या दिल्या त्या कावळ्यासाठी. टॉवेल वाळत घालणारी माणसं मला आता पूर्वीसारखी दिसत नाहीत. ती निदान हसून माफी मागत.

ऑक्टोबरमध्ये म्हातारीचा निरोप आला की गॉर्स कापायला माणसं कमी आहेत, यायचं तर ये. दोरीच्या बाहेर. मी गेले. त्याचे हातमोजे मला मोठे होतात, म्हणून आत लोकरीचे हातमोजे घालते. काटे तरीही आत येतात. डाव्या हाताचे मी काढते. उजव्या हाताचे डाव्या हाताने नीट निघत नाहीत, ते पिकून आपोआप बाहेर येतात.

दिराने यंदाही विचारलं, कधी जायचं. मी सांगितलं, जायचं नाही. तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेता." मी फोन ठेवला. आयुष्यात पहिल्यांदा कुणाचं बोलणं पुरं व्हायच्या आत.

दोरीच्या आत आता निवडुंगाचे नऊ फड आहेत. फूल आलेलं नाही. चावी म्हातारीकडे आहे. मी महिन्यातून दोन रविवार जाते.