निरंक

पत्नीच्या खुब्याचे हाड मोडले तेव्हा एका खासगी इस्पितळाचा चार पानी अर्ज मी स्वहस्ते भरला. जिल्हा न्यायालयात पेशकारीत, न्यायाधीशांपुढे फायली मांडण्यात, हयात गेलेला माणूस रकाना मोकळा सोडत नाही. 'मागील तीन महिन्यांत घेतलेली अँटिबायोटिक्स' यापुढे मी ठळक अक्षरांत 'निरंक' लिहिले आणि सही ठोकली.

शस्त्रक्रिया व्यवस्थित झाली. लघवीची नळी मात्र दोन दिवसांत काढायची ती बारा दिवस राहिली. रोज विचारले. परिचारिकेचे उत्तर ठरलेले: "अंकलजी, डॉक्टर साहब लिखेंगे तब निकलेगी." डॉक्टरसाहेब दारातूनच फाइल पाहत. हातांना लावायच्या द्रवाची पलंगाला टांगलेली बाटली पहिल्या दिवसापासून रिकामी होती. तीही स्वच्छतेचे ढोल बडवणाऱ्या या इंदुरात! व्यवस्थापकाला तक्रारीची दोन पत्रे दिली, पोच घेतली. उत्तर एकाचेही नाही. दहाव्या दिवशी तिला हुडहुडी भरून ताप चढला. औषध सुरू झाले; दोन दिवसांत ताप तसूभर हलला नाही, उलट रक्तदाब घसरू लागला.

मग लघवीचा अहवाल आला. नेहमीच्या औषधांपुढे ओळीने एकच शेरा: जंतू दाद देत नाहीत. लातूरकडून नव्याने आलेली एक तरुण डॉक्टर तो घेऊन उभी राहिली.

"काका, काकूंना आधी कुठलं अँटिबायोटिक दिलं होतं?"

"अर्ज वाचा. निरंक."

पलंगावरून क्षीण आवाज आला, "अहो, खोटी साक्ष देऊ नका. त्या लाल-पिवळ्या कॅप्सुला कोणी आणल्या होत्या? गेल्या दोन महिन्यांत दोनदा?"

मीच. लघवीला जळजळ होते म्हणून, राजवाड्यामागच्या औषधवाल्याकडून. "बाबूजी, तीन दिन खिला दो, फर्स्ट क्लास हो जाएंगी," तो म्हणाला होता. डॉक्टरची चिठ्ठी त्याने मागितली नाही, मी तिचा विषय काढला नाही. चिठ्ठीविना ती विक्री बेकायदा, हे मला पाठ होते. पण आमच्या घरी त्या नुसत्या 'गोळ्या'. अँटिबायोटिक म्हणजे डॉक्टर लिहून देतो ते.

"हे आधी कळलं असतं तर पहिल्याच दिवशी औषध वेगळं निवडलं असतं," डॉक्टर म्हणाली. तिने नळी तिथल्या तिथे काढायला लावली आणि दुसरे इंजेक्शन सुरू केले.

ही बातमी व्यवस्थापकापर्यंत पोहोचायला एक दिवस पुरला. "बाबूजी, वय, शुगर, घरची दवाई, सगळे रिस्क फॅक्टर पेशंटचेच निघाले. कम्प्लेंट वापस ले लो ना."

"नळी पेशंटने स्वतः घालून घेतली होती? बारा दिवस ती बाळगायचा छंद होता तिला?"

"अरे भिया, आप तो गरम हो गए," तो म्हणाला; इंदुरी तोंडात 'भैया'चा 'भिया' होतो.

"मी आपला भिया नाही."

नव्या इंजेक्शनच्या चौथ्या दिवशी ताप उतरला. तिने उठून बसून पेज घेतली, तेव्हा मी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे धाडायच्या तक्रारीचा मसुदा वाचून दाखवला. कलम पहिले माझे: अर्जदाराने दाखल करतेवेळी अनवधानाने चुकीची माहिती दिली. पुढच्या कलमांत नळी, बाटली, अनुत्तरित पत्रे.

"'अनवधानाने' कशाला?" ती म्हणाली.

"त्या शब्दामुळे मला धरता येत नाही."

"मग नळीही अनवधानानेच राहिली म्हणतील."

मी शब्द खोडला, खाडाखोडीशेजारी नियमाप्रमाणे सही केली. इस्पितळाच्या कलमांतल्या 'निष्काळजीपणा'आधी 'घोर' जोडले आणि त्याच दुपारी पत्र रजिस्टर पोस्टाने धाडले.