नातं बाजूला ठेवून

"अन् घोरते किती, ते तर सांगाचंच राह्यलं!" आत्या ओरडली. "रात्रीतून चारदा माही झोप मोडते!"

पाहुण्यांच्या हातातले कप ओठांपाशीच थांबले. पाहुणे बडनेऱ्याचे, मुलीकडचे. आणि हा घोरणारा म्हणजे आत्याचा एकुलता एक पोरगा, माझा आतेभाऊ. समोरच्या खुर्चीत इस्त्रीच्या शर्टात बसला होता. त्याचं टक्कल, सकाळचा आळस, गिऱ्हाईक पाहून वाकडं होणारं तोंड, एवढं आत्याचं आधीच मांडून झालं होतं. मी कोपऱ्यात चिवडा खात होतो. खोटं कशाला सांगू, चिवडा त्या दिवशी जास्तच खमंग लागला.

आत्याची ख्यातीच तशी. जावई पारखायचा असो, म्हैस घ्यायची असो, की दोन भावांतला लबाड कोणता ते ठरवायचं असो, हिवरखेडापासून चांदूर बाजारापर्यंतची माणसं अकोल्याला तिच्या दारात येत. मे महिन्यात अकोल्यात कावळे झाडावरच भाजून निघतात, तेव्हाही रांग असे. आमचे एक काका त्या रांगेत उभे राहिले ते पापड होऊनच अमरावतीला परतले.

"नातं बाजूले ठेवा लागते," आत्या सांगे. "मंग डोक्यानं पाहा लागते. मन मधात आलं की म्हैस दिसतच नाही, आपली हौस दिसते."

आणि ती नुसती बोलत नसे. तिचा नवरा गेला, बायका "देवमानूस गेला वं" म्हणून रडत होत्या, तेव्हा हिनं पदरानं डोळे पुसत त्यांना दुरुस्त केलं, "देवमानूस नोयता. चिडका होता. पन वांगे चांगले निवडे."

अशा बाईच्या पोराला चाळिशी दिसायला लागली, तरी लग्न जमेना. त्याचं फुलांचं दुकान. गावभरच्या नवरदेवांचे हार हा ओवायचा आणि याच्या गळ्यासाठी कोणी विचारायला येत नसे. स्थळं येणंच बंद झालं होतं. मग हे बडनेऱ्याचं आलं. मुलगी दवाखान्यात नर्स, तीही सोबत आली होती. पोह्यांच्या बशीआडून त्याच्याकडे पाहून दोनदा हसली. पोरगा इतका लाल झाला की त्या दिवशी दुकानात गुलाब नसते तरी चाललं असतं.

तेवढ्यात मुलीच्या बापाला सौजन्य सुचलं. "ताई, तुमचं नाव ऐकून आलो. आता पोरगा आपला आहे, हे घडीभर विसरा अन् तुमीच सांगा, कसा आहे?"

कोणतीही आई एवढ्यावर "लाखात एक" म्हणून मोकळी झाली असती. आत्यानं डोळे मिटले, नातं बाजूला ठेवलं, आणि पोराला म्हशीसारखा तपासला.

दोन दिवसांनी फोन आला. बाप अवघडून बोलत होता. टक्कल चालेल, आळसही चालेल, पोरीला मुलगा पसंत होता. पण तिच्या दवाखान्यातल्या पाळ्या दर आठवड्याला बदलतात. जी काही झोप मिळते ती रात्री अशी चारदा मोडली तर ती ड्यूटीवर उभी कशी राहील?

आत्यानं फोन ठेवला. "शायनी मानसं आहेत," ती म्हणाली. "मी असती तं मीबी नाहीच म्हटलं असतं." आणि भाकरी थापायला बसली.

पुढच्या आठवड्यात मी अकोल्याला गेलो, तेव्हा आतेभाऊ दुकानात लग्नाचा हार ओवत होता. कोणाच्या तरी दुसऱ्याच्या लग्नाचा.

"काहून बे," मी म्हटलं, "येवढं घोरते तू?"

"मी नाही घोरत."

"मंग?"

"माय घोरते. तिच्याच आवाजानं तिले जाग येते. मंग मले हलवते, कुशीवर हो म्हनते."

"अबे, मंग सांगाचं ना तिले!"

"सांगतलं. म्हने, दोष तुहा आहे, तुले कसा दिसन? नातं बाजूले ठेवून मी पाह्यलं."

"अन् मंग तू काय करते?"

त्यानं सुईत एक झेंडू ओवला, मागे सरकवला.

"मी होतो कुशीवर."