पाठ घडते तेव्हा

धरमपेठेतल्या माझ्या घरामागे कमळासाठी ठेवलेल्या टाक्यात आज सकाळी बेडकाची अंडी दिसली. साबुदाण्याच्या खिरीसारखा पारदर्शक, लिबलिबीत पुंजका आणि प्रत्येक दाण्याच्या पोटात एक काळा ठिपका. कोवळं ऊन पाण्यावर पसरलं होतं. मी उगाचच तिथे बसून राहिले. अशा ठिपक्यांकडे बघण्यात माझ्या उमेदीची काही वर्षं गेली आहेत. एकटीची नव्हेत, शेजारच्या सूक्ष्मदर्शकावर माझी सहकारी असायची.

ती उमरेडची, विणकरांच्या घरातली. दिलेलीही विणकरांच्याच घरात. माग केव्हाच थांबलेले, नवरा लकडगंजात एका दुकानात नोकरीला. आम्ही दोघी प्रयोगशाळेत बेडकाच्या गर्भाची पाठ कशी घडते ते पाहत होतो. त्या इवल्या देहात, पाठीच्या दोन्ही बाजूंना, डोक्याकडून शेपटीकडे एकामागून एक खंड पडत जातात. पुढे त्यांतूनच मणके आणि पाठीचे स्नायू होतात. कुठे खंड पडायचा हे जनुकं ठरवतात. ठरावीक वेळी जागी होतात, ठरावीक वेळी गप्प बसतात. अंड्याच्या पहिल्या दोन पेशींपैकी एकीत द्रव्य टोचून आम्ही एखादं जनुक मुकं करायचो. मग गर्भाची एक बाजू नीटस व्हायची, दुसरीवरच्या रेषा पुसट, एकमेकींत मिसळलेल्या.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी तिला दिवस गेले. पाचव्या महिन्यात रामदासपेठेतल्या दवाखान्यात सोनोग्राफी झाली आणि बाळाच्या पाठीत एक मणका अर्धाच आहे असं निघालं. एरवी सगळं ठीक होतं. पाठ वाकेल, पट्टा लावावा लागेल, कदाचित शस्त्रक्रियाही. पुढचं तुम्ही ठरवा, असं डॉक्टर म्हणाले. बाळ ठेवायचं हे तिनं नवऱ्याला तिथल्या तिथे सांगितलं. दुसऱ्या दिवशी ती कामावर आली आणि रोजच्यासारखी अंडी निवडू लागली. मी काही विचारलं नाही.

सासू मात्र गप्प बसल्या नाहीत. तिचा डबा घेऊन त्या प्रयोगशाळेच्या दारापर्यंत आल्या आणि माझ्यासमोरच बोलल्या, "तुले किती सांगितलं व्हतं वं, त्या मुक्या जिवाईले सुया टोचू नको म्हून! त्याईचीच हाय लागली आपल्या लेकराले."

तिनं हातमोजे उतरवले, सासूंना हाताला धरून आत आणलं, स्टुलावर बसवलं. "आई, इथं डोळा लावा."

त्यांनी बराच वेळ पाहिलं. विणकरणीचाच डोळा तो. "इकडची बाजू बराबर हाय. तिकडे गुंता काहून झाला?"

"तिकडे मी सुई टोचली."

"मंग पोटातल्याले कोणं टोचली?"

"कोणीच नाही, आई. माणसाच्या लेकराची पाठ अशीच घडते, पण लई लवकर. मले दिवस गेले हे समजलं, तवापर्यंत अर्धे मणके ठरून गेले होते."

सासूंनी पुन्हा एकदा खाली डोळा लावला. मग विचारलं, "म्हंजे तुह्या हातात बी नव्हतं?"

"नव्हतं."

ते बोलताना तिला रडू फुटलं. ही गोष्ट तिला आमच्या सगळ्यांहून चांगली ठाऊक होती. तरी ती मोठ्यानं म्हणायला तिला कुणीतरी विचारायला हवं होतं. सासूंनी पदरानं तिचा चेहरा पुसला आणि डब्याचं झाकण उघडलं. "जेव आधी," एवढंच म्हणाल्या.

मुलगी झाली. पट्टा झाला, शस्त्रक्रियाही झाली. पाठ बरीचशी सरळ आली, तरी एक खांदा किंचित खाली राहिला. आता ती शाळेत जाते, मैदानात सगळ्यांच्या पुढे धावते. आजी तिच्या फ्रॉकचा एक खांदा आतून थोडा उंच शिवतात. अंगात घातला की कुणाला काही कळत नाही.

गर्भातली वेळ एकदा टळली की टळली. तिथे कुणाला परत जाता येत नाही, शास्त्रालाही नाही आणि आईलाही नाही. बाहेरच्या जगात मात्र माणसांना वेळ मिळत राहतो. उशिरा, चुकतमाकत, पण मिळतो.