बॅक गेटचा खोटा ओके

पलटणीतून नाईक म्हणून पेन्शनवर आलो आणि दोनच महिन्यांत ठाण्याला, वागळे इस्टेटमधल्या एका रंगाच्या कारखान्यात, माझी बॅक गेटवर ड्यूटी लागली. वेळ सकाळी सात ते दुपारी तीन. ऐंशीचं दशक संपत आलेलं. घर चंदगड तालुक्यात, बायकोमुलं तिकडेच. मी कोपरला खाडीकडच्या चाळीत, एका खोलीत चौघे. शाळा सातवीत सोडलेली, त्यामुळे फौजेबाहेर आपल्याला कोण काम देणार, ही धास्ती नोकरीभर मनात होती. काम हवालदार वैतींनी मिळवून दिलं. त्यांच्याबद्दल लिहायचं तर माझी चूकही लिहावी लागेल. ती लिहितो.

वैती बाळकुमचे कोळी. पलटणीत माझे सेक्शन कमांडर, आम्ही त्यांना उस्ताद म्हणायचो. इथे ते मेन गेटचे हेड गार्ड. उत्तरेच्या एका चौकीवर माझा पहिला हिवाळा होता, तेव्हा पहारा संपवून आलो तर बोटं वाकत नव्हती. उस्तादांनी आपली पेटलेली बिडी माझ्या ओठांत दिली. ती माझी पहिली बिडी. पेन्शनवर आलो तेव्हा मी दिवसाला दोन बंडल ओढत होतो. ते तीन.

कारखान्यात थिनरचे ड्रम, म्हणून आत काडेपेटी न्यायची नाही. पाळी सुरू होताना प्रत्येक कामगार गेटवर बिडी-काडी जमा करायचा आणि पत्र्याचा बिल्ला घ्यायचा. सुटताना बिल्ला देऊन आपला माल परत. माझ्या खुर्चीमागे लाकडी खणांचा घोडा होता, त्यात पन्नास-साठ जणांच्या बिड्या. खोलीत दिवसभर तंबाखूचा वास. आम्ही गार्ड लोक कंपाउंडबाहेर, भिंतीमागे जाऊन ओढायचो.

पावसाळा सरता सरता उस्तादांना धाप लागायला लागली. गेट ढकलतानाही मध्ये थांबायचे. दवाखान्यात छातीचा फोटो काढला. डॉक्टर म्हणाले, आज सोडली तर काही वर्षं मिळतील, नाहीतर पुढचा पावसाळा कठीण. उस्तादांनी हे मला चहा पिताना सांगितलं, ड्यूटी बदलल्याचं सांगावं तसं.

"मी सोडतंय. तू पण सोड."

"मला काय झालंय उस्ताद?"

"तुला लावली कोणी?"

मी त्यांच्याकडे बोट दाखवलं.

"मग लावली त्यानंच सोडवायची. आणि मना एकट्याला जमणार नाय रं, गावडे. बडी पाहिजे."

फौजेत प्रत्येक जवानाला एक बडी असतो. तो जागा तर तुम्ही झोपायचं, तो पडला तर तुम्ही उचलायचं. एवढाच अर्थ.

पद्धतही फौजेचीच ठेवली. दोन्ही गेटांत इंटरकॉम होता. दर तासाला मेन गेटवरून रिंग यायची.

"बॅक गेट, रिपोर्ट."

"बॅक गेट ओके."

ओके म्हणजे बिडी ओढलेली नाही. तलफ आली तर दोघांपैकी कोणीही फोन करायचा आणि म्हणायचं, "हालचाल आहे." मग समोरच्याने फोन ठेवायचा नाही. तलफ पाच-सात मिनिटांत ओसरते, हे आम्हाला तिसऱ्या दिवशी समजलं. तेवढा वेळ काहीही बोलायचं. उस्ताद खाडीच्या चिखलातल्या निवट्या माशांचं सांगायचे, मी घरच्या म्हशीचं.

"व्याली का रं?"

"पुढच्या महिन्यात."

"सांग तिला, उस्ताद पण दिवस मोजतंय."

आणि एक नियम पलटणीतून आपोआप आलेला. पोस्टने दोन रिंगला उत्तर दिलं नाही तर तिथे काहीतरी झालंय असं धरून पळत जायचं.

पहिला आठवडा वाईट गेला. डोकं ठणकायचं. आमटीत मीठ कमी म्हणून मी खोलीतल्या माणसांवर ओरडलो आणि दुसऱ्या दिवशी माफी मागितली. खिशात भाजलेले चणे ठेवायचो. उस्ताद बडीशेप चघळायचे. सकाळी सहा पन्नासला ते गिनती घ्यायचे. "दिवस सातवा. जवान दोन, हजर दोन." मिक्सिंग खात्यातला पास्कल हसायचा. "काय वैतीकाका, दोघांची बटालियन?" उस्ताद म्हणायचे, "जागा खाली आहे, ये भरती हो."

बाराव्या दिवशी घरून पत्र आलं. धाकट्याला टायफॉइड. पत्र आठ दिवसांपूर्वीचं. गावात फोन नाही. पोरगा आज कसा आहे, हे मला कळायला मार्ग नव्हता. दहा वाजता मी मागच्या खणातून एक बिडी काढली. कोणाची ते पाहिलंही नाही. भिंतीमागे जाऊन ओढली. अकराला रिंग आली.

"बॅक गेट ओके," मी म्हटलं.

पोस्टवर डुलकी लागलेल्या जवानाला एखादे वेळी माफी मिळेल. खोट्या रिपोर्टला नाही. हे मला कोणी शिकवायला नको होतं. पण मी पडलो हे कळलं तर उस्तादही पडतील, अशी मी मनाची समजूत घातली. चार दिवस खोटे ओके दिले.

पाचव्या दिवशी दुपारी एक पस्तीसला मी भिंतीमागे होतो. खोलीत रिंग वाजली. तासाची वेळ नव्हती. हातातली संपवू आणि जाऊ, असं म्हणून थांबलो. दुसरी रिंग वाजली आणि बंद झाली. मेन गेट ते बॅक गेट चारशे पावलं, त्यात निम्मा चढ. माझी बिडी संपायच्या आत उस्ताद गेटमधून बाहेर आले. धावत. टोपी नव्हती, हातात लाठी. मी उभा दिसलो. बोटांतली बिडी दिसली. ते भिंत धरून खाली बसले.

ओठ निळे पडले होते. मी त्यांचा बेल्ट सोडला, पुढे वाकवून धरलं, पास्कलला हाक मारून पाणी मागवलं. एक वाक्य पुरं बोलायला त्यांना दहा मिनिटं लागली.

"मना वाटलं तू पडलास."

"फोन कशाला केला होता उस्ताद?"

"हालचाल होती. मोठी. बिडी हातात घेतलेली." पुन्हा श्वास घेतला. "पेटवली नाय. म्हटलं, गावडे उचलेल."

मी सांगितलं, "चार दिवस ओढतोय. ओके खोटे होते. मला कामावरून काढा."

"येडा हायस. दुसरा बडी कुठून आणू?" मग म्हणाले, "घरी काय झालंय?"

मी पत्राचं सांगितलं.

"पडलो म्हण, मी येईन. ओके म्हटलंस तर मी तिकडं खुर्चीत बसून राहणार ना."

थोडं सावरल्यावर त्यांनी माझ्या गेटवर माणूस बसवला आणि मला तार करायला पाठवलं. दोन दिवसांनी उत्तर आलं. ताप उतरला होता. ज्याच्या खणातल्या बिड्या मी घेतल्या त्याला शोधून सांगितलं. तो म्हणाला, "मला वाटायचं, मीच विसरतोय किती ठेवल्या ते."

त्या दुपारच्या दुसऱ्याच सकाळी गिनती झाली. "दिवस पहिला. जवान दोन."

"उस्ताद, तुमचा सतरावा."

"बडीची गिनती एकच असते."

पास्कल त्या दिवशी रांगेत उभा होता. त्याने खिसे उलटे करून दाखवले आणि बिल्ला घेतला नाही. उस्तादांनी गिनती पुन्हा घेतली, जवान तीन. वर्षभरात आम्ही सात झालो. त्यातले दोघे टिकले नाहीत. त्यांना कोणी बोललं नाही. परत आले तेव्हा त्यांच्याबरोबर पुन्हा एकपासून मोजलं.

उस्तादांनी त्यानंतर सहा पावसाळे पाहिले. सातव्याच्या आधी, सकाळी अकराच्या सुमारास, बाळकुमच्या घरी वारले. छाती शेवटी थकलीच होती. आम्ही कारखान्यातले सगळे गेलो. वैतीवहिनी मला म्हणाल्या, "हे सारखं बोलायचे, गावडेनं मना बिडीतून काढलं." आजूबाजूला माणसं होती. मी नुसती मान हलवली.

ते बरोबर नव्हतं. मी त्यांना काढलं नाही. मी भिंतीमागे होतो. ज्या छातीने त्यांना गेट ढकलवत नव्हतं, त्या छातीने हवालदार वैती माझ्यासाठी चारशे पावलं धावले. त्या दुपारनंतर मी बिडी ओढलेली नाही.